जुने हरितगृह नव्या जागी : भूमिती व परिसर-अभ्यासाचा एक पाठ

पाठाचा हेतू

पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी मांजरी हे जुने शेतीचे गाव आहे. ऊस, द्राक्षे व भाजीपाला यांसाठी ते पूर्वीपासून परिचित आहे. १९७५ साली स्थापन झालेली आज ‘वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट’ या नावाने ओळखली जाणारी संस्था व १९९७ साली सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ही दोन्ही येथेच आहेत. २०२१ साली मांजरी बुद्रुक हे गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. जेथे वस्ती वाढते तेथे शेत सरकते, आणि शेताबरोबर शेतातील हरितगृहही हलवावे लागते. शेतकरी ज्यास ‘पॉलीहाऊस’ म्हणतात त्या हरितगृहाचा वापरलेला सांगाडा विकत घेऊन दुसऱ्या जागी उभारणे हा व्यवहार त्यातूनच उद्भवतो. या व्यवहारात काटकोन, कर्ण, अंतर, उतार व वारा या सर्वांची परीक्षा होते. म्हणून पाचवी ते सातवीच्या वर्गांस हा विषय उपयुक्त ठरेल.

पूर्वपीठिका

हरितगृह उकलून दुसरीकडे नेण्याची कल्पना नवी नाही. लंडन येथे १८५१ च्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन याच्या आराखड्याप्रमाणे लोखंड व काच यांचे ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारले गेले. प्रदर्शन संपल्यावर ते उकलून सिडनहॅम येथे नेण्यात आले व १८५४ मध्ये वाढीव स्वरूपात पुन्हा उघडले. स्कॉटलंडात जॉन किबल या गृहस्थाने कूलपोर्ट येथे आपल्या घराशेजारी बांधलेले काचगृह क्लाइड नदीतून पडावावर लादून ग्लासगोच्या वनस्पती-उद्यानात आणले गेले व १८७३ साली तेथे उभे राहिले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते पुन्हा सुटे करून दुरुस्त करण्यात आले. सारख्या मापाचे सुटे भाग जोडून केलेली वास्तू पुन्हा सुटी करता येते, हे तत्त्व विद्यार्थ्यांस या उदाहरणांवरून समजावून द्यावे.

उकलण्याचा क्रम

जी वस्तू शेवटी चढविली ती प्रथम उतरवावी, हा उकलण्याचा नियम होय. प्रथम प्लास्टिक कागद धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा, मग छताचा व बाजूंचा कागद, मग पट्ट्या, त्यानंतर आडवे पाइप, कमानी, पन्हळी आणि अखेरीस खांब, असा क्रम ठेवावा. कागद सकाळी वारा पडलेला असताना काढावा. अर्धा सुटलेला कागद शिडासारखा फुगतो व वर चढलेल्या माणसास खाली ओढतो. उंचीवर काम करणाऱ्याने सुरक्षापट्टा बांधला पाहिजे. मुलांना अशा कामाखाली उभे करू नये.

प्रत्येक भागास रंगाने क्रमांक घालावा व तोच क्रमांक कागदावरील नकाशात लिहावा. नटबोल्ट मापाप्रमाणे निरनिराळ्या पिशव्यांत ठेवावेत. पाइपांना चिकटलेली माती घासून धुवावी. कारण त्या मातीबरोबर सूत्रकृमी व मुळांचे रोग नव्या शेतात जातात. जेथे जस्ताचा थर गेला आहे तेथे गंज तपासावा. जुना कागद उन्हाने कमकुवत झालेला असतो. तो पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. पायाचे पाइप काँक्रीटमध्ये रुतलेले असल्याने ते बहुधा जुन्या जागीच राहतात. ते नवे घ्यावे लागतात, व हा खर्च सौदा ठरण्यापूर्वीच हिशेबात धरला पाहिजे.

आखणी

सांगाड्याची रुंदी २४ मीटर व लांबी ३२ मीटर आहे असे धरू. रुंदीत ८ मीटरचे तीन गाळे आहेत व लांबीत दर ४ मीटरवर खांब आहे. एकूण खांब किती, हे प्रथम मुलांना विचारावे. पुष्कळ मुले ३ गुणिले ८ म्हणजे २४ असे सांगतील. त्यांना पाटीवर रेघा काढावयास लावाव्यात. तीन गाळ्यांना खांबांच्या ओळी चार लागतात. आठ अंतरांना खांब नऊ लागतात. म्हणून खांब ४ गुणिले ९ म्हणजे ३६ होतात. या एका चुकीने पायाचे बारा पाइप कमी आणले जातील व गवंडी आणि मजूर रिकामे बसतील.

दुसरी गोष्ट काटकोनाची. जुन्या पाइपांची छिद्रे ठरलेली असतात. जमीन त्यांच्यासाठी बदलावी लागते, पाइप जमिनीसाठी बदलत नाहीत. २४ चा वर्ग ५७६, ३२ चा वर्ग १०२४. बेरीज १६००, व तिचे वर्गमूळ ४०. म्हणून दोन्ही कर्ण बरोबर ४० मीटर भरले पाहिजेत. शुल्बसूत्रकार बौधायनाने यज्ञवेदीच्या आखणीसाठी सांगितलेला नियम तो हाच. चारही बाजू बरोबर असून आखणी तिरकी झाली, व एक बाजू अवघा अर्धा मीटर कलली, तर एक कर्ण सुमारे ३० सेंटिमीटरने वाढतो व दुसरा तितकाच घटतो. ही चूक दोरी व खुंट्या असतानाच सापडली तर एका घटकेत सुधारते. काँक्रीट वाळल्यावर सापडली तर कमानी बसत नाहीत, आणि कर्जाने घेतलेला सांगाडा शेताच्या बांधावर पडून राहतो.

पाया, वारा व पाणी

घराचा पाया भार तोलण्यासाठी असतो. हरितगृहाचा पाया मुख्यतः ते धरून ठेवण्यासाठी असतो. सांगाडा हलका व कागद मोठा, त्यामुळे वारा त्यास वर उचलू पाहतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. एप्रिल-मे मधील वळवाच्या वादळात हरितगृहे उखडतात ती याच कारणाने. त्यातच काळी जमीन भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. तेथे उथळ खड्डा कामाचा नाही. प्रत्येक खांब ओळंब्याने सरळ पाहूनच काँक्रीट ओतावे.

पन्हळी उत्तर-दक्षिण ठेवल्यास त्यांची सावली दिवसभर सरकत राहते व एकाच पिकावर पडून राहत नाही. पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, म्हणून छताची झडप पूर्वेकडे उघडणारी असावी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ७६८ चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ७६८० लिटर पाणी पन्हळींतून वाहील. म्हणून पन्हळीस एकसारखा उतार हवा व खाली पाणी साठविण्याची सोय हवी.

शिक्षकांसाठी उपक्रम

१. शाळेच्या पटांगणावर दोरी, खुंट्या व फक्की घेऊन दहाव्या हिश्शाने आखणी करावी : २.४ मीटर रुंदी, ३.२ मीटर लांबी, ४ मीटर कर्ण. ३६ खांबांच्या जागी खडे ठेवावेत.

२. एका गटास मुद्दाम आखणी तिरकी करण्यास सांगावे व दुसऱ्या गटाने केवळ कर्ण मोजून चूक शोधावी.

३. बांबूच्या कामट्या व कागद यांचे लहान हरितगृह करून ते सुटे करावे. त्या भागांवर क्रमांक घालून दुसऱ्या वर्गाकडून पुन्हा जोडवून घ्यावे.

या तिसऱ्या उपक्रमात खरा बोध आहे. आपण घातलेल्या क्रमांकांवरून अनोळखी माणसास वस्तू जोडता आली, तरच आपली नोंद चांगली म्हणावयाची. जो सांगाडा विकतो तो पुढे भेटेलच असे नाही. शेतकऱ्याच्या हाती उरतो तो नकाशा. स्वच्छ अक्षरात, खरे माप लिहिण्याची सवय शाळेत लागली, तर ती पुढे शेतात उपयोगी पडल्यावाचून राहणार नाही.