खोड माणसाची की पद्धतीची?
(संस्थेतील बदल आणि कर्मचाऱ्यांचे वर्तन : एक अभ्यास)

बी. कॉम., अंतिम वर्ष

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी आपल्यात एक म्हण आहे. घरात, बाजारात, कचेरीत ती सर्रास वापरली जाते. जुना माणूस नव्या रीतीने काम करीनासा झाला, की ही म्हण पुढे करायची आणि मोकळे व्हायचे. गेल्या मे महिन्यापर्यंत मीही तेच करीत होते. ‘बदलास होणाऱ्या विरोधाची कारणे सांगा’ हा प्रश्न आपणा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. अज्ञात गोष्टीची भीती, सवयीची ओढ, नोकरीची चिंता अशी सहा-सात कारणे मी पाठ केली होती. परंतु पाठ केलेली कारणे समोरच्या माणसात ओळखता आली नाहीत, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली. त्या अनुभवामुळे या विषयाकडे मी पुन्हा वळले. जे वाचले व जे पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

सुट्टीतील काम

सुट्टीत मला आमच्या भागातील एका क्रेडिट सोसायटीत काम मिळाले. सोसायटी जुनी; सभासद निम्मे मराठी बोलणारे, निम्मे कन्नड बोलणारे. व्यवहार वर्षानुवर्षे हाताने लिहिलेल्या रोजकीर्दीवर आणि लेजरवर चाललेला. संचालक मंडळाने संगणक घेतले, सॉफ्टवेअर घेतले, पिग्मी एजंटांना हातात धरायची यंत्रे दिली आणि जुनी खाती संगणकात भरण्यासाठी आम्हा दोन विद्यार्थ्यांना बोलावले. मला दोन्ही भाषा येत असल्याने ‘कर्मचाऱ्यांना शिकवणे’ हेही काम माझ्याकडे आले. विशीतल्या मुलीला एवढा मान पुरेसा होता!

काउंटरवर एक वयस्क क्लार्क होते. मराठी आणि कन्नड दोघेही त्यांना अण्णाच म्हणत. खेड्यातून आलेला शेतकरी दारातूनच ‘अण्णारी, नम्म बुक नोडरी’ म्हणून आपले पासबुक पुढे करी आणि अण्णा लेजर न उघडताच त्याची बाकी अंदाजे सांगत. मी त्यांच्या शेजारी उभी राहून कोणते बटण केव्हा दाबायचे ते सांगू लागले. अण्णा मान हलवीत, पण माझी पाठ वळली की पुन्हा लेजर काढून त्यात लिहीत. पडद्यावरची सगळी अक्षरे इंग्रजी होती, हेही खरे. एके दिवशी ते मला म्हणाले, ‘‘पोरी, सांजचा आकडा जुळला नाही तर सही कुणाची? माझी, की ह्या पेटीची?’’

मी हसले. ‘‘अण्णा, आकडा यंत्रच जुळवतंय,’’ असे सांगून पुन्हा बटणांकडे वळले. आठवड्याने सेक्रेटरींनी प्रगती विचारली तेव्हा मी सरळ सांगितले, ‘‘बाकीचे शिकले, अण्णा ऐकत नाहीत.’’ त्यांनी हीच म्हण उच्चारली. दुसऱ्या दिवशी अण्णांची खुर्ची काउंटरवरून आत, जुन्या दप्तरांच्या कपाटाजवळ गेली. खेड्यातली माणसे येऊन आत डोकावत आणि तशीच उभी राहत. अण्णा काही बोलले नाहीत.

सांगणे आणि ठरवणे

कॉलेज सुरू झाल्यावर मी हा प्रकार आमच्या सरांच्या कानावर घातला. त्यांनी मला ग्रंथालयात कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाविषयी वाचावयास सांगितले. लेविन हे मूळचे जर्मनीतील. हिटलरच्या उदयानंतर १९३३ साली ते अमेरिकेस गेले व १९४७ साली वारले. संस्थेतील बदलाच्या तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या : गोठलेले वितळवणे, हलवणे आणि पुन्हा गोठवणे. बर्फाचा आकार बदलायचा तर आधी त्याचे पाणी व्हावे लागते. नुसते घाव घातले तर तुकडे होतात. आमच्या सोसायटीत दुसऱ्या पायरीपासूनच सुरुवात झाली होती, हे तेथेच माझ्या ध्यानात आले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. गृहिणी एरवी टाळत असलेले हृदय, मूत्रपिंड यांसारखे भाग स्वयंपाकात यावेत, असा प्रयत्न चालला होता. लेविन यांनी काही गटांना उत्तम व्याख्याने दिली. काही गटांत स्त्रियांना आपसात चर्चा करून निर्णय घेऊ दिला. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी केवळ ३ टक्के स्त्रियांनी तो पदार्थ पुढे घरी केला. चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी. माहिती दोघींनाही मिळाली होती. फरक एवढाच, की एकीला सांगितले गेले आणि दुसरीने ठरवले.

पायजम्याच्या कारखान्यातील प्रयोग

याहून बोलका पुरावा व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन गावच्या हारवुड कारखान्यातील आहे. तेथे पायजमे शिवले जात. कामगार बहुतेक तरुण स्त्रिया, मजुरी नगावर, ताशी ६० नग हे प्रमाण. कामाची रीत बदलली की उत्पादन घसरे, कुरबुरी वाढत, कामगार सोडून जात. विशेष म्हणजे नवख्या मुलीला काम शिकण्यास जेवढा वेळ लागे त्याहून जास्त वेळ अनुभवी कामगाराला बदललेले काम शिकण्यास लागे. हाताला सवय होती हे कारण होतेच. पण काल ६० नग काढणारी बाई आज ४० वर आली की तिची मजुरी आणि तिचा मान दोन्ही उतरत, हे मोठे कारण होते.

लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी तेथे जो प्रयोग केला तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गटात इस्त्री करणाऱ्या १८ कामगार होत्या. त्यांच्या कामात बदल तो केवढा? कपड्यांच्या घड्या सपाट पुठ्ठ्याऐवजी खोक्यात रचायच्या! त्यांची सभा घेऊन बदल व नवा दर सांगण्यात आला, शंकांना उत्तरेही देण्यात आली. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडले व त्यांनी व्यवस्थापकांबरोबर बसून नवी रीत ठरवली. आणखी दोन लहान गटांत मात्र प्रत्येक कामगाराने भाग घेतला. या सहभागी गटांना आरंभी दिसायला एकसारखे दोन कपडे दाखवण्यात आले. एक १९४६ सालचा, दुसरा १९४७ सालचा व निम्म्या किमतीस विकलेला. स्वस्त कोणता हे कोणालाच ओळखता आले नाही. खर्च का कमी करावयाचा, हे निराळे सांगावे लागले नाही.

पहिल्या गटाचे उत्पादन घसरले ते वर आलेच नाही आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. प्रतिनिधी असलेला गट काही दिवसांत सावरला. पूर्ण सहभागाचे गट सर्वांत लवकर सावरले व पूर्वीच्या उत्पादनाच्याही सुमारे १४ टक्के वर गेले. त्यांतील एकही कामगार सोडून गेली नाही.

आमच्या म्हणीचे उत्तर मात्र यापुढच्या भागात आहे. सुमारे अडीच महिन्यांनी त्या पहिल्या, ‘हट्टी’ ठरलेल्या गटातील उरलेल्या कामगारांना पुन्हा एकत्र करून नवे काम देण्यात आले, आणि या वेळी सर्वांच्या सहभागाने. त्याच बाया, तोच कारखाना. त्या भराभर सावरल्या आणि पुढे गेल्या. खोड त्यांची असती तर ती दोन-अडीच महिन्यांत कोठे गेली? खोड पद्धतीची होती.

अहमदाबादची गिरणी

‘ही अमेरिकेची गोष्ट झाली, आपल्याकडे असे चालत नाही’ असे कोणी म्हणेल. आपल्याकडचेही उदाहरण आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिल्समध्ये स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षित उत्पादन निघेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली तेथे पाहणी केली. माग नवे होते, पण कामाचे इतके बारीक तुकडे केले होते, की कोण कोणाबरोबर काम करतो व कोणत्या मागाची जबाबदारी कोणाची, हेच स्पष्ट नव्हते. राइस यांनी ठराविक मागांची संपूर्ण जबाबदारी लहान गटाकडे सोपवण्याची कल्पना मांडली. कामगारांनी ती उचलून धरली व आपले गट आपणच जमवले. उत्पादन वाढले, खराब कापडाचे प्रमाण घटले. पुढे १९७० साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा एका शेडमध्ये गटपद्धती बरीचशी टिकून होती, तर अन्यत्र जुनी रीत परत आली होती. लेविन यांची तिसरी पायरी किती अवघड असते, हे यावरून दिसते. झालेला बदल जपावाही लागतो.

कायद्यातील एकवीस दिवस

‘विचारत बसलो तर काम केव्हा होणार?’ हा व्यवहारी प्रश्न आहे. आपल्या कायद्याने त्याचे उत्तर पूर्वीच दिलेले आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम ९-अ नुसार कामगारांच्या सेवाशर्तींत ठराविक स्वरूपाचा बदल करण्यापूर्वी मालकाने नोटीस देणे व २१ दिवस थांबणे आवश्यक होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कलम ४० मध्ये ही २१ दिवसांची मुदत ठेवलेली आहे. बँकांतील यंत्रांच्या बाबतीतही १९८३ साली भारतीय बँक संघ व कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला, आणि रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन समितीने १९८४ साली शाखांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. संगणक आले; पण त्यांच्याआधी बोलणी आली.

तथापि नोटीस म्हणजे सहभाग नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. हारवुडच्या पहिल्या गटालाही सभेत सर्व सांगितलेच होते!

पुन्हा सोसायटीत

हे वाचल्यावर अण्णांचा प्रश्न मला पुन्हा आठवला. त्यांनी जबाबदारीविषयी विचारले होते. मी बटणाविषयी उत्तर दिले होते. रोख कमी पडली तर ती क्लार्कच्या पगारातून जाते. जो आकडा आपल्या हाताने लिहिलेला नाही, ज्याची अक्षरे आपल्याला नीट वाचता येत नाहीत, त्याखाली सही करायची कशी? प्रश्न अगदी रास्त होता आणि तो माझ्या पाठ केलेल्या यादीत कोठेच नव्हता.

मी सेक्रेटरींना भेटून, मी दिलेला अहवाल चुकीचा होता, असे सांगितले. सांगताना घसा कोरडा पडला होता. त्यांनी प्रथम ‘‘आता पैसे भरून झालेत’’ असे म्हटले. पण एका शनिवारी काउंटर बंद झाल्यावर सर्वांना, पिग्मी एजंटांनाही, बसवले.

अण्णांनी तीन गोष्टी सुचवल्या. एक महिना दोन्ही हिशेब ठेवावेत व रोज संध्याकाळी भरणारा आणि तपासणारा अशा दोघांनी ताळ्यावर सह्या कराव्यात. प्रत्येक बटणाचे काम मराठी व कन्नड दोन्ही भाषांत लिहून काउंटरवर चिकटवावे. आणि एकाच नावाचे दोन सभासद असतील तेथे वडिलांचे नाव व गाव भरल्याशिवाय खाते पुढे जाऊ देऊ नये. ही तिसरी सूचना आली तेव्हा आम्ही खाती पुन्हा तपासली. एकसारख्या नावांच्या चार जोड्यांत रकमा इकडच्या तिकडे झाल्या होत्या. त्यांपैकी दोन चुका माझ्या हातच्या होत्या.

एजंटांचेही म्हणणे होते. पिग्मी ही आपल्या कर्नाटकाची जुनी रीत. उडुपीत सुरू झालेल्या व पुढे सिंडिकेट बँक या नावाने प्रसिद्ध झालेल्या बँकेने ती १९२८ साली काढली. रोज दुकानात जाऊन चार पैसे गोळा करायचे, ते सारे विश्वासावर. दुकानदारांना यंत्राची चिठ्ठी पुरेशी वाटेना. तिची शाई उडते. म्हणून आठवड्यातून एकदा पुस्तकात हाताने बाकी लिहून द्यावी, असे ठरले.

सगळेच गोड झाले असे नाही. लेजर कायम ठेवावे ही एकाची मागणी मान्य होण्यासारखी नव्हती. ती कारण सांगून नाकारली गेली. एका वयस्क एजंटांनी यंत्र नको म्हणून काम सोडले. अण्णा मात्र काउंटरवर परत आले. ते दोन बोटांनी, सावकाश, पण स्वतः नोंद करतात. बटणांचा दुभाषी तक्ता मी लिहिला. त्यातील कन्नड त्यांनी दुरुस्त केले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे हाती येतात :

१. विरोध दिसला की तो प्रथम प्रश्न म्हणून ऐकावा. पगार, मान, जबाबदारी आणि भाषा यांपैकी काहीतरी त्यात बहुधा असते.

२. सांगणे म्हणजे सहभाग नव्हे. ज्यांनी काम करायचे त्यांनी ते कसे करायचे यात भाग घेतला, तरच बदल त्यांचा होतो.

३. सहभाग म्हणजे सर्व मागण्या मान्य करणे नव्हे. नकार द्यावा, पण कारणासह.

४. अनुभवी माणसाला वेळ अधिक लागतो. कारण त्याला नवे शिकण्याबरोबर जुने सोडायचेही असते. त्या काळात त्याची जागा हिरावून घेऊ नये.

५. बदल झाल्यावरही त्याची देखभाल करावी. नाहीतर जुनी रीत परत येते.

कन्नडमध्ये बदलाला ‘बदलावणे’ म्हणतात. शब्द दोन्ही भाषांत एकाच मुळाचा आहे, तेव्हा निदान तो समजायला आपल्याला अडचण पडू नये. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या बँकांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत जातील आणि कोणाविषयी तरी ‘ते ऐकत नाहीत’ असा अहवाल देण्याची वेळ त्यांच्यावर येईल. तो देण्यापूर्वी, आपण त्यांचे ऐकले का, एवढे एकदा स्वतःला विचारावे. मी विचारले नव्हते. अण्णांनी तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. परंतु त्या कपाटाजवळची रिकामी खुर्ची पाहिली की मला तो आठवतो.