जुनी टंकलेखन यंत्रे : संग्रह आणि रसग्रहण



कचेरीच्या किंवा शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीतील एखाद्या वस्तूचे निर्लेखन करावयाचे ठरले, म्हणजे ती तराजूत जाते आणि भंगाराच्या दराने तिचे मोल ठरते. टंकलेखन यंत्रांच्या वाट्याला आज बहुधा हाच शेवट येतो. गोदरेज आणि बॉइस कंपनीने १९५५ साली भारतात या यंत्रांची निर्मिती सुरू केली व २००९ साली ती थांबविली. ज्या यंत्राच्या खडखडाटाने आपल्या कचेऱ्या अर्धशतकभर भरून गेल्या होत्या, ते यंत्र आजच्या विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिलेलेही नसते.

तथापि अशी जुनी यंत्रे शोधून, स्वच्छ करून, त्यांचा इतिहास लिहून ठेवणारे संग्राहक अनेक देशांत आहेत. अमेरिकेतील मिलवॉकी येथील सार्वजनिक संग्रहालयात अशा यंत्रांचा एक मोठा संग्रह जपलेला आहे. इटलीच्या उत्तर भागातील पार्चिनेस या गावी केवळ टंकलेखन यंत्रांचे संग्रहालय आहे. त्या गावच्या पेटर मिटरहोफर नावाच्या सुताराने १८६४ च्या सुमारास लाकडी यंत्र घडविले होते. लोखंडाच्या या सांगाड्यात संग्राहकांना काय दिसते, हे आपण एका उदाहरणावरून पाहू. ते उदाहरण शिक्षकाचेच आहे.

१. एका शिक्षकाने घडविलेले यंत्र

रासमुस मालिंग-हानसेन हे डेन्मार्कमधील धर्मोपदेशक. कोपनहेगन येथील मूकबधिरांच्या शाळेचे प्रमुख. आपले विद्यार्थी बोटांच्या खुणांनी जितक्या वेगाने बोलतात, तितक्या वेगाने हाताने लिहिता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. बोटे इतकी चपळ असतील, तर त्यांनाच लिहू का देऊ नये? १८६५ साली त्यांनी चिनी मातीच्या लहान गोळ्यावर अक्षरे मांडून त्यांच्या निरनिराळ्या जागा तपासून पाहिल्या, असे त्यांच्या कन्येने नोंदविले आहे. १८७० साली त्यांना या यंत्राचे एकस्व मिळाले.

या यंत्राला 'लेखनगोल' म्हणता येईल. पितळी अर्धगोलावर ५२ दट्टे, टाचणीच्या उशीवर टाचण्या खोचाव्यात तसे उभे असतात. प्रत्येक दट्ट्याच्या खालच्या टोकास एक अक्षर कोरलेले असते. दट्टा दाबला की ते अक्षर गोलाच्या केंद्राजवळ येऊन कागदावर उमटते. वारंवार येणारी अक्षरे चपळ बोटांखाली ठेवलेली होती. १८७३ साली व्हिएन्ना व १८७८ साली पॅरिस येथील प्रदर्शनांत हे यंत्र मांडले गेले. दृष्टी मंदावलेल्या नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाने १८८२ साली ते मागविले होते. परंतु ही यंत्रे हाताने घडविली जात, म्हणून थोडीच बनली आणि त्यांतील आज फार थोडी शिल्लक आहेत.

२. यंत्राचे वाचन

१८७४ साली अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने शोल्स व ग्लिडन यांचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या काळ्या अंगावर फुलांची नक्षी आहे. काही यंत्रांना पायाने दाबावयाचा पावडाही आहे. लेखनाच्या यंत्राला पावडा कशासाठी? कारण कंपनीच्या शिवणयंत्रे तयार करणाऱ्या विभागाने ते घडविले. त्यातून केवळ मोठी इंग्रजी अक्षरे उमटत, आणि टंक खालून आघात करीत असल्यामुळे लिहिलेली ओळ लिहिणाऱ्यास लगेच दिसत नसे. ही उणीव अंडरवुड यंत्राने १८९५ नंतरच्या वर्षांत दूर केली. त्याचे टंक समोरून आघात करीत. अशा रीतीने प्रत्येक यंत्र आधीच्या अडचणीला दिलेले उत्तर असते. ती अडचण ओळखता येणे, हेच यंत्राचे रसग्रहण होय.

३. दुर्मिळ कशास म्हणावे?

जुने ते सर्व दुर्मिळ, हा समज चुकीचा आहे. अंडरवुड कंपनीचे पाच क्रमांकाचे यंत्र १९०० च्या सुमाराचे. परंतु ते लाखांनी खपले, म्हणून आजही सहज आढळते. थोडी बनलेली, निराळ्या रचनेची आणि मूळ भागांसह टिकलेली यंत्रे ती दुर्मिळ. काही लोक जुन्या यंत्रांच्या गोल कळा कापून त्यांचे दागिने करतात. असे यंत्र पुन्हा बोलते होत नाही.

४. आपली लिपी आणि यंत्र

आपल्या गावी लेखनगोल सापडणार नाही. देवनागरी यंत्र मात्र एखाद्या कपाटावर असू शकेल. ते आपल्या दृष्टीने कमी मोलाचे नाही. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसाठी आखलेल्या कळफलकावर आपली बाराखडी व जोडाक्षरे बसविणे हे कठीण काम होते. रेमिंग्टन पद्धतीच्या रचनेत ख, थ, ध, भ यांसारख्या अक्षरांची अर्धी रूपेच कळांवर असत. पुढे काना जोडला की अक्षर पूर्ण होई. तेच अर्धे रूप जोडाक्षरातही चाले. ऱ्हस्व वेलांटी मात्र अक्षराच्या आधी उमटवावी लागे. आपली लिपी कोणत्या तुकड्यांतून घडते, याचा हा लोखंडात ओतलेला धडाच आहे.

५. जतनाचे नियम

(१) कचेरीचे यंत्र ही सार्वजनिक मालमत्ता आहे; परवानगीवाचून हलवू नये.
(२) उचलताना खालचा सांगाडा धरावा. रुळाचा सरकता भाग धरू नये.
(३) धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. तेल ओतू नये. तेलात धूळ बसून टंक अडकतात.
(४) नव्याने रंग देऊ नये. मूळ रंग व अक्षरे हा पुरावा आहे.
(५) निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक, कोणी व कोठे वापरले, ही माहिती लिहून यंत्राजवळ ठेवावी. अनुक्रमांकावरून अनेकदा निर्मितीचे वर्ष कळते.

वर्गासाठी उपक्रम : यंत्र उपलब्ध झाल्यास प्रत्येक विद्यार्थ्यास त्यावर स्वतःचे नाव उमटवू द्यावे व किती कळा दाबाव्या लागल्या ते मोजावयास सांगावे. यंत्र नसेल, तर पुठ्ठ्यावर चाळीस चौकोन आखून त्यांत आपली लिपी बसविण्यास सांगावे. कोणते अक्षर कोणत्या बोटाखाली ठेवावे, यावर मुलांत वाद झाला तर तो होऊ द्यावा. कोपनहेगनच्या त्या शिक्षकाने चिनी मातीच्या गोळ्यावर हाच विचार केला होता.

आणि निर्लेखनाच्या यादीत 'टंकलेखन यंत्र, नग १, निरुपयोगी' अशी नोंद दिसली, तर स्वाक्षरी करण्यापूर्वी वरिष्ठांस एवढेच विचारावे, की हे यंत्र शाळेच्या वस्तुसंग्रहास देता येईल काय.