झाडावर कुणाला चढवावे?

गळीत हंगाम आटोपला, ट्रॉल्या थांबल्या, की सभासदांचे लक्ष वस्तीकडे वळते. छपरावर आलेली आंब्याची फांदी, बांधावरची चिंच, तारेला टेकलेला शेंडा ही कामे वर्षभर डोळ्यांसमोर असतात. पाऊस तोंडावर आला की घाई होते आणि कुऱ्हाड घेऊन जो पहिला दारात येईल त्याला आपण झाडावर चढवतो. उसाचे बेणे घेताना मात्र आपण चार प्लॉट हिंडतो, डोळे तपासतो. वाडवडिलांनी लावलेल्या आंब्यासाठी तेवढीही चौकशी नाही!

गावोगाव एक प्रकार हमखास चालतो. लाकडाचा व्यापारी येतो व म्हणतो, "मालक, पैसे नकोत, छाटून देतो, लाकूड तेवढं आमचं." फुकटचे काम कुणाला नको? आमच्या पाहण्यातल्या एका सभासदाने होकार दिला व ते उसाला पाणी धरायला गेले. संध्याकाळी येऊन बघतात तो छपरावरची फांदी जागच्या जागी, आणि गोठ्यावर सावली धरणारी जाडजूड खांदी गेलेली. छपरावरची बारीक होती ना, तिला भाव नव्हता! ज्याचा नफा लाकडात आहे त्याच्या हाती छाटणी देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मजुरी ठरवा, लाकूड आपल्याकडे ठेवा.

मग माणूस पारखावा कसा? त्याला एवढेच विचारा, "ही मांडीएवढी फांदी कशी उतरवशील?" जाणकार असेल तर तो सांगेल, की खोडापासून हातभर सोडून आधी खालच्या अंगाने चतुर्थांश काप घ्यायचा. मग त्याच्या थोडे पुढे वरून कापायचे. फांदी पडते, पण खोडाची साल सोलत खाली येत नाही. उरलेला खुंट शेवटी वेगळा काढायचा, तोही फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो तो राखून. या फुगवट्यातूनच झाड जखम भरून काढते. खोडालगत सपाट कापले तर तो जातो, आणि लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुज आत शिरते. "शेंडाच मारून टाकू, वारं लागणार नाही," असे म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. अशा कापाखाली भराभर धुमारे येतात, पण त्यांचा जोड कच्चा असतो. पुढे वादळात तेच मोडतात.

नारळाची गोष्ट निराळी. पाय ठेवायला खोडावर कोयत्याने खाचा पाडणारा गडी नको. त्या जखमांतून सोंड्या भुंगा शिरतो, आणि तो लक्षात येईतो माड बहुधा हातचा गेलेला असतो. यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे प्रशिक्षण नारळ विकास मंडळाने २०११ पासून दिले आहे. तसा शिकलेला माणूस मिळाला तर दोन पैसे जास्त द्यावेत.

छाटणारा तो छाटणारा, डॉक्टर नव्हे. आंब्याच्या खोडातून भुसा पडत असेल तर खोडकिडा असण्याचा संभव आहे. तो भुसा व सालीचा तुकडा घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जावे.

दोर कमरेला न बांधता चढणाऱ्याला आपण "गडी मोठा धाडसाचा" म्हणतो. पण तो पडला तर त्याचे घर उघडे पडते, आणि आपल्यालाही तोंड दाखवायला जागा राहत नाही. फांदी तारेजवळ असेल तर वीज कंपनीकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय कुणालाही वर चढू देऊ नका. आणि झाडच तोडायचे असेल तर आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग, मोह, हिरडा यांसारख्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने परवानगी लागते, मग झाड स्वतःच्या बांधावरचे का असेना. "परवान्याचं आम्ही बघतो," असे कुणी म्हणाले तर कागद आधी हातात घ्यावा.

काम झाल्यावर मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावून घ्या. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करावे. लोखंडी भांडे चालत नाही. घासलेला विळा त्यात क्षणभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा, आणि त्याच दिवशी ती संपवावी.