फोटो टाकण्याआधी

पालकहो, आपल्या घरांत एक गंमत चालते. बारशाला बाळाला तीट लावायची, बोरन्हाणाला जमलेले पाहुणे गेले की मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची. आणि त्याच रात्री हलव्याचे दागिने घातलेलं ते ध्यान नावगावासकट फेसबुकवर! कौतुकच असतं ते, मान्य. पण ते पाहणारी आता नुसती माणसंच नसतात.

२०२४ साली ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने ‘लायन-५बी’ नावाच्या साठ्याचा अगदी छोटा अंश तपासला. इंटरनेटवरून आपोआप गोळा केलेल्या सुमारे ५८५ कोटी चित्रांचे दुवे त्यात होते, आणि चित्रं बनवणाऱ्या एआयला शिकवायला ते वापरले गेले होते. तेवढ्या अंशातही ब्राझीलमधल्या मुलांचे फोटो निघाले. कुणी नुकतंच जन्मलेलं, कुणी वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवणारं. काहींची नावंही सहज कळत होती. ओळखीच्या चार जणांनी बघावेत म्हणून टाकलेले असे कित्येक फोटो त्यात होते. पुढे ते दुवे काढले गेले. पण यंत्र एकदा जे शिकलं, ते त्याच्याकडून परत कसं घेणार?

आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर कंपनीने पालकांची संमती घ्यावी, असं तो सांगतो. ठीक आहे. कंपनीने आपल्याला विचारायचं. आपण मुलाला विचारायचं की नाही, याबद्दल मात्र तो गप्प आहे. फ्रान्सने २०२४ मध्ये हीच जागा भरून काढली. मुलाच्या छायाचित्रावरचा हक्क आईवडिलांनी मिळून जपायचा आणि वय व समज पाहून मुलालाही त्या निर्णयात घ्यायचं, असं तिथला कायदा म्हणतो. मला हे पटतं. एआयच्या नीतीबद्दल आपण कंपन्यांना जाब विचारतो, विचारायलाच हवा. पण फोटो वर चढवणारा पहिला हात बहुतेक वेळा आपलाच असतो.

आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो तर नकोतच. गणवेशावरचं शाळेचं नाव, गुणपत्रिकेवरची जन्मतारीख आणि बैठक क्रमांक यांकडे आपलं लक्षही जात नाही. साध्या चेहऱ्यावरून अश्लील चित्र बनवायला आज फार अक्कल लागत नाही. असं काही घडलंच, तर आधी मुलाला बोल लावू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनही आहे.

अमेरिकेतल्या आत्याला भाचरांचा फोटो हवाच असतो. तो तिला थेट पाठवा, आणि पुढे पाठवू नकोस म्हणून सांगा. ती थोडी रुसेल.

चार-पाच वर्षांच्या पोराला ‘हा फोटो टाकू का?’ विचारलं तर ते बहुधा ‘टाक’ म्हणेल. त्याला त्यातलं काय कळणार! तरी विचारा. दहाव्या-अकराव्या वर्षी तेच पोर येऊन म्हणेल, ‘आई, तो टकलाचा फोटो काढून टाक ना.’ तेव्हा ‘अरे, किती गोड दिसतोयस!’ असा वाद घालू नका. काढून टाका.