परदेशी मजुराचा आरोग्य विमा : कोठे तुटतो, का तुटतो?

अमेरिकेत शेतात भाजी तोडणारे, बांधकामावर राबणारे, उपाहारगृहात भांडी घासणारे अनेक मजूर परदेशातून आलेले असतात. त्यांचे श्रम सर्वांना हवे असतात. पण ते आजारी पडले की विमा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. असे का होते, हे विद्यार्थ्यांनी व सभासदांनी क्रमाने समजून घ्यावे.

१) विमा नोकरीला बांधलेला : तेथे ६५ वर्षांखालील निम्म्याहून अधिक लोकांना विमा नोकरीतून मिळतो. २०१० च्या कायद्याने ५० किंवा अधिक पूर्णवेळ कामगार असणाऱ्या मालकाने विमा देऊ करावा, नाहीतर दंड भरावा, असे ठरविले. परंतु मालक लहान असेल, काम आठवड्याला ३० तासांहून कमी असेल किंवा मजूर कंत्राटी दाखविला असेल, तर ही जबाबदारी येत नाही. गरीब मजूर बहुधा अशाच कामावर असतो.

२) मदतीला मुदतीची आडकाठी : गरिबांसाठी १९६५ पासून 'मेडिकेड' योजना आहे. पण १९९६ च्या कायद्याने कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या बहुतेक प्रौढांनाही पहिली पाच वर्षे तिच्यातून वगळले. अशा अतिगरिबांना खाजगी विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलतही २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून बंद केली.

३) कागदपत्रे नसलेले : २०१० च्या कायद्याने उभारलेल्या विमा बाजारात त्यांना सर्वसाधारणपणे स्वतःचे पूर्ण पैसे मोजूनही विमा घेता येत नाही.

४) उरतो तातडीचा विभाग : १९८६ च्या कायद्याप्रमाणे येथे आलेल्या रुग्णाला, पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. मात्र बिल माफ होत नाही आणि मधुमेह, रक्तदाब यांवरचा कायमचा उपचारही होत नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास साधारणपणे आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागते. काही राज्यांत विमा नसलेल्या अशा मजुराला जीव धोक्यात आल्यावरच ते मिळते. कोलोरॅडो राज्याने २०१९ साली नियमित डायलिसिसलाही तातडीचा उपचार मानले. म्हणजे नियमाचा अर्थ माणुसकीने लावता येतो.

यावरून दिसते की, हा दोष मजुराच्या निष्काळजीपणाचा नाही, नियमांच्या रचनेचा आहे. आपल्यापैकी कोणी परदेशी कामास निघाले, तर करारावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : विम्याचा हप्ता कोण भरणार? विमा कोणत्या तारखेपासून लागू होणार? आणि नोकरी सुटली तर तो किती दिवस टिकणार? उत्तरे लेखी घ्यावीत.