डांबरी सडकेचा पाठ

गतवर्षी भाद्रपद महिन्यात एका खेड्यातील शाळा पाहावयास गेलो होतो. गावास डांबरी सडक होऊन पुरते वर्षही लोटले नव्हते. तथापि शाळेसमोरच तिची कड खचली होती व खड्ड्यात पाणी साचले होते. चौथीतील एका मुलाने मला विचारले, "साहेब, डांबर पाण्यात विरघळतं का?" मी "नाही" एवढेच म्हणून पुढील वर्गात गेलो. माझे उत्तर चूक नव्हते, परंतु ते अपुरे होते. जिज्ञासेने विचारलेल्या प्रश्नाची अशी बोळवण करणे शिक्षकास शोभत नाही. त्या उत्तराची भरपाई म्हणून हा पाठ शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे. परिसर अभ्यासाच्या दोन तासिकांत तो सहज पूर्ण होईल.

उद्देश : सडकेचे बळ कशात असते हे मुलांस स्वतःच्या निरीक्षणाने उमगावे, तसेच ज्यांनी ही विद्या पुढे नेली त्यांची ओळख व्हावी.

विषय-विवेचन

प्रथम जॉन लाउडन मॅकॅडम यांची हकिकत सांगावी. हे गृहस्थ १७५६ साली स्कॉटलंडमधील एअर या गावी जन्मले. तरुणपणी त्यांनी न्यूयॉर्क येथे व्यापार केला. अभियंत्याचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते; परंतु रस्ते का बिघडतात याचे त्यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण केले. १८१६ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल भागातील रस्त्यांची देखरेख त्यांच्याकडे आली.

त्यांचे समकालीन टॉमस टेलफर्ड हे मोठे अभियंते होते. रस्त्याच्या तळाशी मोठमोठे दगड हाताने रचून पाया करावा, असे त्यांचे मत होते. आपल्याकडील सोलिंगचे काम त्याच जातीचे. मॅकॅडम यांचे म्हणणे निराळे होते. वाहनाचा भार अखेर खालची मातीच सोसते, आणि माती कोरडी राहिली तर ती कोणताही भार सोसते. म्हणून रस्त्याचे पहिले काम पाणी दूर ठेवणे हे होय. यासाठी रस्ता भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच करावा, मध्ये फुगवटा व दोन्ही कडांस उतार द्यावा आणि बाजूस चर काढावे, असे त्यांनी सांगितले.

दुसरी गोष्ट खडीची. गोल गोटे चाकाखाली घरंगळतात. फोडलेल्या खडीच्या धारदार कडा मात्र एकमेकींत अडकून बसतात. एकही खडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा, जड असू नये असा त्यांचा दंडक होता. त्यावर ते मातीही पसरू देत नसत. वाहनांच्या रहदारीनेच खडी घट्ट बसे. ही खडी पुरुषांप्रमाणेच स्त्रिया, वृद्ध व मुलेही बसून लहान हातोड्यांनी फोडीत. ज्या पद्धतीस मॅकॅडम यांचे नाव मिळाले, तिच्यामागे हे अनाम हात होते, हेही मुलांस अवश्य सांगावे.

या रस्त्यावर लोखंडी धावेच्या गाड्या चालत, तेव्हा दगडाची पूड होऊन ती फटींत बसे व रस्ता बांधला जाई. पुढे मोटारी आल्या. रबरी चाकांच्या वेगाने तीच पूड उडून जाऊ लागली. रस्ते सुटे झाले आणि कडेच्या घरांत धुळीचे लोट शिरू लागले. जुन्या उपायातून नवी अडचण उभी राहिली ती अशी.

मोनॅको येथे अर्न्स्ट गुग्लिएल्मिनेत्ती या स्विस डॉक्टरांनी १९०२ साली धुळीवर उपाय म्हणून रस्त्यावर डांबर पसरून पाहिले. लोक त्यांना कौतुकाने 'डॉक्टर डांबर' म्हणत. त्याच सुमारास इंग्लंडमधील एडगर पर्नेल हूली यांची एक हकिकत सांगितली जाते. १९०१ साली डर्बीशरमधील एका लोखंडाच्या कारखान्याजवळ त्यांना रस्त्याचा एक तुकडा गुळगुळीत व धूळरहित दिसला. चौकशी करता समजले, की तेथे डांबराचे पिंप सांडले होते व कोणी त्यावर भट्टीतील धातुमळी टाकली होती. हूली यांनी त्यावरून धातुमळी व डांबर यांचे मिश्रण सिद्ध केले आणि १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. सांडलेले डांबर अनेकांनी पाहिले असेल, "असे का?" हे हूली यांनी विचारले.

येथे एक खुलासा करावा. हे डांबर दगडी कोळशापासून काढलेले होते. आज आपल्या सडकांवर वापरतात ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारे बिटुमेन होय. बोलीत दोहोंस डांबरच म्हणतात. निसर्गातही असा पदार्थ सापडतो. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर त्याचे सरोवरच आहे. अमेरिकेत बेल्जियन रसायनज्ञ एडवर्ड डी स्मेट यांनी हूली यांच्याही आधी, १८७० साली, न्यूअर्क शहरात अशा पदार्थाचा रस्ता केला होता. पुढे क्लिफर्ड रिचर्डसन यांनी वाळूच्या कणांचे आकार व डांबराचे प्रमाण यांचा कसून अभ्यास केला. गरम मिश्रण कागदावर दाबून उमटलेल्या डागावरून ते डांबर कमी की अधिक हे ओळखीत. त्यांचा ग्रंथ १९०५ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या देशातील रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी १९२७ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे होते, हेही जाता जाता सांगावे.

प्रात्यक्षिक

१. एका घमेल्यात नदीतील गोल गोटे व दुसऱ्यात फोडलेली खडी घ्यावी. दोन्हींवर वीट ठेवून दाबावे. काय सरकते, काय अडकून बसते, ते मुलांनी सांगावे.

२. अंगणात मातीचे दोन लहान रस्ते करावे; एक सपाट, दुसरा उंच, मध्ये फुगीर व बाजूस चर असलेला. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी घालावे. थोड्या वेळाने काठी टोचून पाहावी.

गरम डांबर वर्गात आणू नये. रस्त्याचे काम चालू असेल तेथे मुलांस लांबूनच दाखवावे.

समारोप

आता त्या मुलाचे उत्तर पूर्ण होते. डांबर पाण्यात विरघळत नाही. पण चर बुजला की पाणी सडकेच्या कडेने व भेगांतून आत मुरते. ते खडीवरील डांबराची पकड सोडविते व खालची माती मऊ करते. मग चाकाच्या भाराने माती दबते आणि वरचा काळा थर आधारावाचून फुटतो. डांबर हे सडकेचे छप्पर आहे. भार पेलतात ती खालची खडी व कोरडी माती.

स्वाध्याय

१. शाळेसमोरील सडकेचे पाणी कोठे जाते? नकाशा काढा.
२. सडकेवर खड्डे कोठे आहेत? त्यांच्याजवळचा चर मोकळा आहे की बुजलेला?
३. मॅकॅडम यांच्या रस्त्यावर मोटारींमुळे कोणती अडचण आली?

दुसऱ्या प्रश्नाची मुलांनी केलेली नोंद शिक्षकांनी ग्रामपंचायतीस अवश्य दाखवावी. चर वेळीच मोकळा झाला, तर पुढील पावसाळ्यात सडकेची कड खचण्याचे भय पुष्कळ कमी होईल.