बालवर्ग पाठ : फळांचा खाऊ, मुलांच्या हातून

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



संक्रांत जवळ आली. आपल्या बहुतेक बालसंस्कार वर्गांत या दिवसांत बोरन्हाण असतं, आणि त्याला जोडून मुलांकडून खाऊ करून घेण्याचा उपक्रमही. आमच्या इंदूरच्या वर्गात तो बरीच वर्षं चालू आहे. तो कसा करावा आणि कोणती काळजी घ्यावी, हा या वेळचा पाठ. थोडा मोठा आहे, पण कृपया पूर्ण वाचावा. कारण खाली कळेल.

*मुलांनीच का करायचं?*

आपण फळं चिरून ताटली पुढे ठेवली की मुलं नाक मुरडतात. तेच पेरू त्यांनी स्वतः धुतले, संत्री स्वतः सोलली, की न सांगता खातात. दुसरं म्हणजे नैवेद्य. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत सांगतात की भक्तीने वाहिलेलं पान, फूल, फळ, पाणीसुद्धा मी स्वीकारतो. मग मुलाच्या हाताने नीट सोललेली संत्र्याची फोड ही सेवाच झाली. ती करताना हात धुणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, आधी दुसऱ्याला वाढणं हे संस्कार वेगळे शिकवावे लागत नाहीत.

*गेल्या संक्रांतीला काय झालं*

बोरन्हाण ऐन रंगात होतं. चुरमुरे, बोरं, हलवा, उसाचे करवे खाली पडत होते, मुलं वेचत होती. एका विद्यार्थिनीचा अडीच वर्षांचा धाकटा भाऊही त्यांत होता. त्याने बोर उचलून तोंडात घातलं ते कोणी पाहिलं नाही. एकदम तो उभाच राहिला. तोंड उघडं, डोळे मोठे, पण आवाज नाही. खोकला नाही, रडणं नाही. आम्ही काय केलं? कोणी म्हणालं पाणी द्या, कोणी तोंडात बोट घालायला निघालं. मी स्वतः नुसती उभी होते.

वर्गातल्या एका मुलाची आई नर्स आहे. ती धावत आली. बाळाला मांडीवर पालथं घातलं, डोकं खाली, आणि पाठीवर तळहाताने जोरात थापा मारल्या. चौथ्या थापेला बोर बाहेर पडलं आणि तो रडला. ते रडणं ऐकून आम्ही सगळ्या रडलो. नंतर त्याला डॉक्टरांकडे नेऊन तपासून घेतलं, तो सुखरूप आहे. सद्गुरूंची कृपा. पण कृपा झाली म्हणून आपली चूक लपत नाही. बोरं आम्ही आणली होती आणि आम्हीच ओतली होती.

त्याच्या आजी म्हणाल्या, "आता हे बोरन्हाण बंदच करा." रात्री मी विचार केला. बोरन्हाण करतो ते पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं, आणि घशात अडकण्याचा धोकाही त्याच वयात सर्वांत जास्त. प्रथा बंद करायची, की वस्तू बदलायच्या? शबरीची लोककथा आपण मुलांना सांगतो. तिने एकेक बोर आधी चाखून पाहिलं, मगच रामाला दिलं. आपण तेवढंही केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आजींकडे जाऊन हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग नीट करा."

*आता बोरन्हाण असं करतो*

१. डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या. तेही मूल आईच्या मांडीवर असताना.
२. बोरं, करवे, हलवा, शेंगा, ओला हरभरा, रेवड्या यांची पुडी करून पालकांच्या हातात द्यायची. मुलांच्या हातात नाही.
३. खाली पडलेलं मोठ्यांनीच उचलायचं.
४. खाताना सर्वांनी खाली बसायचं. पळताना, हसताना तोंडात घास नको.

*कामांची वाटणी*

• ३ ते ५ वर्षे : फळं धुणं, केळं सोलणं, हाताने कुस्करणं.
• ६ ते ८ वर्षे : संत्री सोलून बिया काढणं, लिंबू पिळणं, खजूर मळणं.
• ९ वर्षांपुढे : मऊ फळं बिनधारेच्या सुरीने कापणं. प्रत्येक चार मुलांमागे एक ताई किंवा काकू हवीच.
• पेरूसारखी कडक फळं मोठ्यांनीच चिरावीत. विळी मुलांच्या खोलीत आणूच नये.

*खाऊ पहिला : फळांची चाट (२० मुलांसाठी)*

पेरू १ किलो (आमच्या इकडे जाम म्हणतात), संत्री ८, केळी ६, मध्यम पिकलेली पपई १, लिंबू १. वरून चिमूटभर जिरावन. ते नसेल तर सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. साखर अजिबात नको.

फळं न चिरता आधी वाहत्या पाण्याखाली धुवावीत. केळी सर्वांत शेवटी कापून लगेच लिंबू पिळावं, म्हणजे काळी पडत नाहीत. चिरलेली फळं दोन तासांच्या आत संपवावीत, उरलेली प्रसाद म्हणून संध्याकाळपर्यंत ठेवू नयेत.

पेरूला कमी लेखू नका. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असतं, संत्र्यात साधारण ५०. आणि रस काढण्यापेक्षा फळ चावून खाल्लेलं बरं. रसात चोथा जातो आणि साखर तेवढी राहते.

*खाऊ दुसरा : खजूर-तिळाचे लाडू*

बिनबियांचा मऊ खजूर २५० ग्रॅम, भाजलेले तीळ १०० ग्रॅम, थोडी वेलची. खजूर उघडून बी राहिली नाही ना हे मोठ्यांनी पाहावं. मग मुलांनी मळून सुपारीएवढे २० लाडू वळावेत. लहानग्यांसाठी लाडू चपटा करून तुकडे द्यावेत. खजूर दातांना चिकटतो, म्हणून नंतर सर्वांनी चूळ भरायची.

आदल्या दिवशी ग्रुपवर विचारून घ्यावं की कोणाला तीळ, शेंगदाणा किंवा एखादं फळ सोसत नाही का. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, पंचामृतातलासुद्धा नाही.

*चार वर्षांच्या आतल्यांसाठी*

द्राक्षं उभी चार भागांत चिरावीत. बोराची बी काढून बारीक तुकडे करावेत. सफरचंद किसून, पेरू बिया काढून पातळ काप करून द्यावा. अख्खे शेंगदाणे आणि कडक गोळ्या नकोतच.

*घशात अडकलं तर*

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं, पाठीशी थांबावं. आवाजच निघत नसेल तर लगेच :

• एक वर्षापुढचं मूल : पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने ५ थापा. नाही निघालं तर मागून मिठी घालून, बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवून आत-वर असे ५ झटके. पुन्हा थापा, पुन्हा झटके.
• एक वर्षाच्या आतलं बाळ : हातावर पालथं, डोकं खाली, ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब. पोटावर दाबू नये.
• दिसत नसताना तोंडात बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते. पाणी पाजू नये.
• त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मूल शुद्धीवर राहिलं नाही तर छातीवर दाब आणि श्वास देणं सुरू करावं लागतं. अडकलेलं निघालं तरी डॉक्टरांना दाखवावंच.

हे वाचून पुरत नाही. आपल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एखादी डॉक्टर किंवा नर्स भगिनी असतेच. तिला अर्धा तास मागा आणि बाहुलीवर करून पाहा. आमच्या वर्गात त्या नर्स ताईंनीच सर्व सेवेकऱ्यांना शिकवलं.

*घरचा अभ्यास*

१. या रविवारी मुलांकडून एक फळाचा पदार्थ करून घ्या आणि देवापुढे ठेवा.
२. घरातल्या सर्वांना, आजी-आजोबांनासुद्धा, वरच्या थापा करून दाखवा.
३. मुलांना विचारा, शबरीने बोरं का चाखली? उत्तर ग्रुपवर लिहा.

या वर्षी तो छोटा साडेतीन वर्षांचा झाला. परवा तयारीला आला होता, केळी सोलायला बसवला. पहिलं केळं महाराजांपुढे ठेवलं, दुसरं स्वतः खाल्लं. बसून. 😊

काही चुकलं असल्यास मोठ्यांनी सांगावं.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
— एक सेवेकरी भगिनी, इंदूर